नमुना एक, माल दुसरा: बसवलेलं लाकडी फ्लोअरिंग परत करता येतं का?

प्रश्न: घरासाठी आम्ही 'नॅचरल कॅरेक्टर' दर्जाच्या ओकच्या रुंद फळ्या निवडल्या. विक्रेत्याने वीतभर लांबीचे तीन तुकडे दिले आणि बसवलेल्या जमिनीचा फोटो पाठवून लिहिलं, "असाच माल येईल." माल आल्यावर त्याच्याच कारागिराने एक खोली बसवली. फळ्यांवर मोठ्या गाठी, काळपट रेघा दिसतात, काही गाठी निखळून भोकं पडली आहेत. आठवड्याभरात काही फळ्यांच्या कडाही वर आल्या. अकरा खोकी अजून बंद आहेत. विक्रेता म्हणतो, "कॅरेक्टर म्हणजे हेच." बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय. काय करावं?

उत्तर: आधी काम थांबवा, आजच. स्वतःच्या मालकीचा असल्यासारखा माल वापरला, किंवा नकार न कळवता तो बराच काळ ठेवून घेतला, तर वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. स्वीकारलेला माल सहसा परत करता येत नाही, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. म्हणजे त्या खोलीसाठी तुमचं मागणं भरपाईचं असेल. बंद खोक्यांबाबत मात्र तुम्ही आजही नकार कळवू शकता, पण सगळा माल एकाच अविभाज्य कराराचा ठरला तर काही भाग स्वीकारल्यामुळे हा नकार टिकेलच असं नाही. तो लेखी कळवा. माल दुकानात पोहोचवून देण्याची जबाबदारी तुमची नाही.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. घट्ट बसलेल्या गाठी, खनिजांच्या काळ्या रेघा, सालीलगतच्या पांढुरक्या भागाचा रंगफरक हेच या दर्जाचं वैशिष्ट्य आहे. कोणत्याही गाठाळ फळीतून वीतभर स्वच्छ तुकडा कापता येतो, त्यामुळे 'तुकड्यावर गाठ नव्हती' एवढ्यावर दावा उभा राहणं अवघड. जाडी, पॉलिश, लाकडाची जात यात फरक असेल तर मात्र तेच तुकडे फार उपयोगी पडतात, कारण नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे. नमुना आणि वर्णन दोन्ही असतील तर तो दोन्हींशी जुळावा लागतो. म्हणून उत्पादकाच्या कॅटलॉगमधलं या दर्जाचं वर्णन लेखी मागा. गाठ केवढी चालेल, भेग भरलेली असावी की नाही, हे बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

तुमचा खरा आधार दोन गोष्टींत आहे. पहिली, तो फोटो आणि त्याखालचे तीन शब्द. फोन बदलू नका, संभाषण पुसू नका. पुढे ग्राहक आयोगात ते मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं. दुसरी, निखळलेल्या गाठी आणि वर आलेल्या कडा. त्यांना कॅरेक्टर म्हणता येणार नाही.

कडांचं कारण नीट शोधा, कारण जबाबदार कोण ते त्यावरून ठरेल. फळीचा तळ पृष्ठभागापेक्षा जास्त ओलावा शोषतो, फुगतो आणि कडा उचलल्या जातात. फळी जितकी रुंद तितकं हे ठळक दिसतं. बंद खोक्यातल्या फळ्या सपाट निघाल्या तर संशय खालच्या जमिनीच्या ओलाव्यावर, म्हणजे बसवण्याच्या कामावर जातो. तो सेवेतला दोष. खोक्यातच वाकलेल्या निघाल्या तर दोष मालाचा. कारागीर विक्रेत्यानेच पाठवला असल्याने दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायची सोय इथे कमी आहे, हे तुमच्या पथ्यावर पडेल. विक्रेत्याला वेळ कळवून एक खोकं व्हिडिओ चालू ठेवून उघडा. त्याच दिवशी मॉइश्चर मीटरने फळ्यांचा आणि खालच्या जमिनीचा ओलावा मोजून घ्या. कडा पुन्हा सपाट झाल्या किंवा तासल्या गेल्या की हा पुरावा गेला.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत मागणं स्पष्ट लिहा: बंद खोक्यांचे पैसे परत, त्या खोलीतल्या सदोष फळ्या काढून नव्या बसवण्याचा खर्च आणि त्रासाबद्दल भरपाई. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, तरी पाठवाच. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. 'निखळलेल्या आणि वाकलेल्या तेवढ्या बदलून देतो' असा प्रस्ताव आला तर माझ्या मते विचार करा, फक्त तो लेखी घ्या. नाहीच जमलं तर तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत २ वर्षांची आहे, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

आणि ते तीन तुकडे. विक्रेता 'जरा बघायला द्या' म्हणाला तरी हातचे सोडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून, तारीख लिहिलेल्या पाकिटात बंद करून ठेवा.