स्विस पाहुणा, चीनची नोंद

प्रश्न : वेरूळला आमचं छोटं लॉज आहे. लेण्यांमुळे परदेशी पाहुणे येतात. रजिस्टरात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात पोरं हॉलंडी, नायजेरी असं काहीही लिहितात. नेमकं काय लिहावं आणि माणसाला म्हणावं काय?
– एक वाचक, वेरूळ

उत्तर : रजिस्टरात देशाचं नाव लिहा, विशेषण करत बसू नका. परदेशी पाहुण्याची माहिती तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. ती पासपोर्ट बघून भरा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. लंडनहून आलेल्याचा पासपोर्ट आयर्लंडचा असू शकतो. फोटोच्या पानावर तळाशी अक्षरं, आकडे आणि बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. त्यातल्या दुसऱ्या ओळीतली ११ ते १३ ही तीन अक्षरं म्हणजे राष्ट्रीयत्वाचा संकेत. पहिल्या ओळीतला संकेत पासपोर्ट कोणी दिला ते सांगतो. बहुतेक वेळा दोन्ही सारखेच निघतात.

घोळ होतो तो या तीन अक्षरांत. 'सीएचई' दिसलं की पोरं चीन लिहून मोकळी होतात. ते स्वित्झर्लंड आहे, त्या देशाच्या लॅटिन नावावरून आलेलं. चीन म्हणजे सीएचएन, चिली सीएचएल. एयूटी ऑस्ट्रिया, एयूएस ऑस्ट्रेलिया. एनईआर नायजर, एनजीए नायजेरिया. जर्मनीच्या जागी नुसतं 'डी' आणि पुढे खुणा असतात. ती छपाईची चूक नव्हे. ही यादी कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवा.

आता माणसाला काय म्हणायचं? नेदरलँड्सचा तो डच. हॉलंड हे सगळ्या देशाचं नाव नाही. १२ प्रांतांपैकी उत्तर आणि दक्षिण हॉलंड हे दोनच. बाकीच्या प्रांतातल्या माणसाला 'हॉलंडवाले' म्हटलेलं खटकू शकतं. स्वित्झर्लंडचा स्विस, पोलंडचा पोलिश. ब्रिटनच्या सगळ्यांना इंग्रज म्हणायची आपली जुनी खोड आहे, पण स्कॉटलंडच्या पाहुण्याला इंग्रज म्हणून बघा, चहा गार होईपर्यंत तो समजावत बसेल! ब्रिटिश म्हटलेलं बरं. अफगाणिस्तानचा अफगाण; अफगाणी हे तिथलं चलन. बोट्स्वानाचा एकटा आला तर मोत्स्वाना, दोघं आले तर बात्स्वाना. नायजेरियाचा नायजेरियन ठीक, पण नायजरच्या माणसासाठीचा इंग्रजी शब्द जवळपास तसाच ऐकू येतो. म्हणून 'नायजरचे पाहुणे' म्हणा. मराठीत 'चा-ची-चे' लावून काम भागतं, आणि अडलं की तेच करावं.

प्रश्न : 'जपानी'चं 'जपान्याने' होतं का? वर्गातली मुलं 'चिन्या', 'नेपाळ्या' लिहितात.
– एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : धोबी–धोब्याने तसं जपानी–जपान्याने, व्याकरणात हे बसतं. कानाला मात्र त्यात गण्या-पक्याचा 'या' लागतो, आणि अनोळखी माणसाला तसं हाक मारणं उद्धटपणाचं. एकवचनी 'जपानी माणसाने', अनेकवचनी 'जपानी लोकांनी' असं शिकवा. जर्मनांनी, फ्रेंचांनी, भारतीयांनी, ब्रिटिशांनी यांत ही अडचण येत नाही. जोडीला एवढंही सांगा की प्रत्येक नेपाळी राखणदार गुरखा नसतो आणि 'बहादूर' हे त्याचं नाव नसतं. 'कांछा' म्हणजे घरातला धाकटा मुलगा; पन्नाशीच्या माणसाला ती हाक शोभत नाही.

प्रश्न : क्रिकेटच्या बातम्यांत किवी, कांगारू लिहितात. हा अपमान नाही का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : किवीला हरकत नाही, न्यूझीलंडचे लोक स्वतःच स्वतःला किवी म्हणवतात. तो तिथला न उडणारा पक्षी, आणि पहिल्या महायुद्धात हे नाव त्यांच्या सैनिकांना चिकटलं. फळाचा इथे संबंध नाही. त्या फळाला किवी हे नाव १९५९ मध्ये तिथल्या निर्यातदारांनी दिलं. कांगारू हे आपल्या क्रीडापानांचं लाडकं. ऑस्ट्रेलियन माणूस स्वतःला 'ऑझी' म्हणतो. 'कांगारूज' हे त्यांच्या रग्बी लीग संघाचं नाव आहे. मथळ्यात शोभतं, समोरासमोर नको. वेस्ट इंडीज हा तर देशच नाही. खेळाडू जमैकाचा असेल तर जमैकन, बार्बाडोसचा असेल तर बार्बेडियन. गयानाचा असेल तर तो बेटावरचाही नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा.

'यांकी' जपून वापरा. बाहेरच्या जगाला सगळे अमेरिकन यांकी वाटतात, पण अमेरिकेच्या दक्षिणेत ते उत्तरेकडच्यांचं नाव आहे, आणि कौतुकाचं नाही. देशाचं नाव तोडून केलेली टोपणनावं सगळ्यांत वाईट. मथळ्यात 'पाक संघ' चालतो. 'पाकी' ही मात्र ब्रिटनमधली वंशद्वेषी शिवी आहे, आणि ती देणारा भारतीय-पाकिस्तानी असा भेद करत नाही. 'जॅप' त्याच पंगतीतला. लोक स्वतःला ते नाव लावतात का, एवढं बघा. लावत नसतील तर तुम्हीही लावू नका.

प्रश्न : मुलगा दुबईला आहे. तिथले सगळे अरबच ना? आमच्याकडे चाऊसांनाही अरब म्हणतात.
– एक वाचक, परभणी

उत्तर : तिथले बहुसंख्य रहिवासी बाहेरून आलेले आहेत, भारतीयही त्यात भरपूर. इराणी माणूस अरब नव्हे, त्याची भाषा फारसी. तुर्कही अरब नव्हे. इजिप्तचे, सीरियाचे बहुतेक लोक अरब, पण त्यांना इजिप्शियन, सीरियन म्हणावं. पांढरा झगा घातलेला प्रत्येक जण शेख नसतो. चाऊस हे येमेनच्या हद्रमौत भागातून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज, आणि तो शब्द मुळात तुर्की लष्करी हुद्द्याचा. वंशाने अरब म्हणा, राष्ट्रीयत्वाने ते तुमच्या-आमच्यासारखे भारतीय. संयुक्त अरब अमिरातीचा नागरिक तो एमिराती. तिथे काम करणारे आपले लोक त्यांना 'लोकल' म्हणतात. बोलण्यात खपतं, अर्जात एमिराती लिहायला सांगा.