इंग्रजीत न गाता मेक्सिकन कलाकार अमेरिकेत पन्नास-पन्नास वर्षं कसे टिकतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत राहून स्पॅनिशमध्येच गाणाऱ्या मेक्सिकन कलाकारांची कारकीर्द एवढी लांब चालते कशी, त्यांना ऐकतं कोण? मी अकरा वर्षं कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला नोकरीला होतो. हे संगीत मला शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून ऐकू आलं आणि मग सुटलंच नाही. माझ्या मते त्यांच्या टिकण्याचं कारण एकच आहे: गाणारा आणि ऐकणारा एकाच वाटेने इथे आलेत, आणि गाणाऱ्याने ती वाट विसरलेली त्या लोकांना खपत नाही.

लोस टिग्रेस देल नोर्ते, म्हणजे 'उत्तरेचे वाघ', या बँडचंच घ्या. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या रोसा मोरादा या खेड्यातले हे एर्नांदेस भाऊ. १९६८ साली मिसरूडही न फुटलेल्या वयात सॅन होजेला आले आणि तिथलेच झाले. सीमेवरच्या अधिकाऱ्याने 'छोटे वाघ' म्हटलं, तेच पुढे नाव पडलं. आर्ट वॉकर नावाच्या इंग्रज माणसाने आपल्या छोट्या कंपनीतून त्यांच्या रेकॉर्डी काढल्या. १९७४च्या सुमाराला 'कोंत्राबांदो ई त्राइसिओन' आलं आणि त्यांचं नाव सीमेच्या दोन्ही बाजूंना झालं. गाडीच्या टायरमध्ये गांजा भरून सीमा ओलांडणाऱ्या जोडप्याची ती गोष्ट. असल्या कथागीताला कोरीदो म्हणतात. आपल्या पोवाड्यासारखंच, माणसं आणि गावं नावानिशी येतात. साथीला बटणांचं अकॉर्डियन, जे एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोकांबरोबर टेक्सासकडे आलं. आपल्या पेटीचंच भावंड, भात्याची हवा आणि धातूच्या पट्ट्या. म्हणूनच कदाचित माझा कान पहिल्या दिवशीच तिकडे वळला.

शेजारचे काका मूळचे मेक्सिकोतल्या मिचोआकानचे, लोकांच्या बागांची कामं करायचे. ते मला एकदा टिग्रेसच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. तिथे पाहिलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. लोक कागदाच्या चपट्या घड्या करून हातोहात स्टेजकडे पाठवत होते. गायक गाता गाता वाकायचा, चिठ्ठी उचलायचा आणि गाणं संपलं की वाचायचा: अमक्या गावच्या अमक्यांसाठी, त्यांच्या आईसाठी. मग तेच गाणं. छापील क्रम असा नाहीच, लोक मागतील ते, आणि तेही तासन्‌तास. काकांनी पेट्रोलच्या पावतीमागे लिहिलं होतं, 'ला हाउला दे ओरो'. म्हणजे सोन्याचा पिंजरा.

१९८०च्या दशकातलं हे गाणं. कागदपत्रांशिवाय राहिलेला बाप दहा वर्षांनी मुलाला विचारतो, आपण परत मेक्सिकोला राहायला जायचं का? रेकॉर्डमध्ये मुलगा उत्तर देतो ते इंग्रजीत, आणि उत्तर 'नाही' असतं. त्या वेळी माझी मुलगी सात वर्षांची होती. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत बोलायची. माझ्याकडे व्हिसा होता, काकांकडे काय होतं ते मी कधी विचारलं नाही, तरी त्या ओळीला आम्ही दोघंही खाली बघत होतो. असं गाणं ज्याने दिलं त्याला माणूस पन्नास वर्षं सोडत नाही.

मोठ्या कंपनीने हात दिला नाही तर काय, याचं उत्तर लॉस एंजेलिसच्या बाजूला मिळतं. चालीनो सांचेस पैसे घेऊन लोकांसाठी कोरीदो रचायचा, कुणाचा मेलेला भाऊ, कुणाचा दोस्त. आवाज खरखरीत, सुरात गोडवा नाही, पण कॅसेटी हातोहात जायच्या. १९९२मध्ये कॅलिफोर्नियात कार्यक्रम चालू असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातून तो वाचला, आणि काही महिन्यांतच मेक्सिकोत कुलियाकानला त्याचा खून झाला. या गाण्यांना गुन्हेगारीची बाजू आहे आणि ती मला आवडत नाही. पण ती झाकून हा इतिहास सांगता येत नाही.

त्याच काळात पेद्रो रिवेरा जुन्या बाजारात कॅसेटी विकता विकता स्वतःची कंपनी काढून बसले होते. त्यांची मुलगी जेनी लाँग बीचला जन्मलेली, शाळेत असतानाच आई झालेली, घरं विकण्याच्या धंद्यात पोट भरणारी. ती गायची बांदा, म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्याबरोबर, आणि तिथे गाणारे बहुतेक पुरुष. त्यात उभी राहून तिने नवऱ्याचा मार, घटस्फोट, एकटीने पोरं वाढवणं हे सगळं उघड बोलून दाखवलं. बायका तिच्यासाठी रडायच्या ते यासाठी. ९ डिसेंबर २०१२ला मेक्सिकोतल्या मोंतेरेचा कार्यक्रम आटोपून निघालेलं तिचं विमान कोसळलं. ती ४३ वर्षांची होती.

आता दिवस बदललेत. २०२३मध्ये एस्लाबोन आर्मादो हा बँड आणि गायक पेसो प्लुमा यांचं गाणं बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या दहात गेलं, या संगीतातून तिथवर गेलेलं ते पहिलंच. ही पोरं फोनवरून मोठी झाली. त्यांना चिठ्ठ्या वाचाव्या लागत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'ला हाउला दे ओरो'पासूनच करा. आधी शब्दांचा अर्थ वाचून घ्या, आणि मुलाचं उत्तर येतं तिथे आवाज थोडा वाढवा.