अमेरिकेला निघताना भारतातली टर्म पॉलिसी बंद करू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून समजलं ते असं. परस्पर संमतीने घटस्फोट झालाय, मुलगी नऊ वर्षांची आणि आईकडे राहते. मुलगी 21 वर्षांची होईपर्यंत तुम्ही टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) चालू ठेवायची, नॉमिनी मुलगी, अपॉइंटी (ती अज्ञान असेपर्यंत तिच्या वतीने पैसे घेणारी व्यक्ती) तिची आई, असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये आहे. आता अमेरिकेतली कंपनी फुकट विमा देतेय, तेव्हा दोन-दोन पॉलिस्या कशाला, हा तुमचा प्रश्न.

बंद करू नका. कोर्टाने मंजूर केलेली अट एकट्याने बदलता येत नाही, मग नवा विमा दुप्पट रकमेचा का असेना. बदलायचीच असेल तर माजी पत्नीची लेखी संमती घ्या आणि वकिलामार्फत कोर्टाकडून दुरुस्ती करून घ्या. फोनवरचं 'हो, चालेल' कामाचं नाही.

शिवाय कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. ग्रुप पॉलिसी वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायला साधारण 31 दिवस मिळतात आणि तेव्हा प्रीमियम चांगलाच चढतो. त्यातून एच-1बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या अमेरिकी व्हिसावर असाल तर नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. त्या धावपळीत विम्याचा फॉर्म कोण भरत बसणार?

तरीही कंपनीचा विमा घ्याच, पण बेनिफिशियरीचं, म्हणजे तुमच्यामागे पैसे कोणाला द्यायचे ते सांगणारं पान नीट भरा. अमेरिकेत असे पैसे सहसा कोर्टाचा हुकूम बघून नाही, त्या पानावरचं नाव बघून दिले जातात. बोइंगमध्ये काम करणारे डेव्हिड एगेलहॉफ 1994 मध्ये घटस्फोटानंतर दोन-अडीच महिन्यांत वारले. कंपनीच्या 46,000 डॉलरच्या विम्यावर घटस्फोटित पत्नीचंच नाव राहिलेलं. घटस्फोट झाला की असं नाव आपोआप रद्द, असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा होता. त्याच्या जोरावर पहिल्या लग्नाची मुलं कोर्टात गेली. 2001 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कंपनीच्या योजनांना 1974 चा केंद्रीय कायदा, म्हणजे एरिसा, लागू होतो आणि राज्याचा कायदा त्याच्या आड येऊ शकत नाही. पैसे माजी पत्नीला गेले. स्वतः विकत घेतलेल्या पॉलिसीचं गणित वेगळं. तिथे मिनेसोटाचा तसाच 'आपोआप रद्द' कायदा 2018 मध्ये त्याच कोर्टाने उचलून धरला. तुम्ही घटस्फोटानंतर नाव भरताय, त्यामुळे या 'आपोआप रद्द'च्या भानगडीत पडणार नाही. पण उद्या पुन्हा लग्न केलंत तर पोर्टलवर सवयीने नव्या बायकोचं नाव टाकू नका. पुष्कळ लोक तेच करतात.

त्या पानावर 'प्रायमरी' (पहिला हक्कदार) आणि 'कंटिंजंट' (तो नसेल तर पुढचा) असे दोन कप्पे असतात आणि प्रत्येकापुढे कोणाला किती ते टक्के. मुलीचं नुसतं नाव टाकून मोकळे होऊ नका. 18 वर्षांखालील मुलाच्या हातात विमा कंपनी पैसे देत नाही, मग पालक नेमायला कोर्टात जावं लागतं. मुलीच्या नावाने ट्रस्ट करा किंवा कस्टोडियन, म्हणजे ती मोठी होईपर्यंत पैसे सांभाळणारी व्यक्ती नेमा. भारतातल्या अपॉइंटीची अमेरिकी आवृत्तीच म्हणा.

भारतात तर घटस्फोट झाला म्हणून नॉमिनेशन आपसूक रद्दही होत नाही. तुम्ही बदलेपर्यंत जुनं नाव तसंच. ती पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतली होती का, तेही बघा. तसं असेल तर ती पॉलिसी बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट धरली जाते आणि लाभार्थी तुमच्या मनाने बदलता येत नाही. आणखी एक, कर्जासाठी ती पॉलिसी बँकेला असाइन करू नका, म्हणजे तारण म्हणून तिच्या नावावर करू नका, तसं केल्यास नॉमिनीचा हक्क मागे पडतो.

निघण्याआधी विमा कंपनीला परदेशचा पत्ता आणि ईमेल कळवा. हप्ता एनआरओ किंवा एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करा. भारतातलं सिम बंद पडलं की ओटीपी नाही आणि आठवणीचे मेसेजही नाहीत. तारीख चुकली तर वार्षिक हप्ता भरायला आणखी 30 दिवस मिळतात, मासिकला 15, पुढे पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. लॅप्स पॉलिसी पुन्हा सुरू करताना नव्याने वैद्यकीय तपासणी मागू शकतात, आणि परदेशातून ते करणं फार कटकटीचं.

दरवर्षी हप्ता भरल्याची पावती माजी पत्नीला मेल करा, तिने मागितली नसली तरी. बोलणं नसेल तर वकिलाला पाठवा. मुलगी 18 ची झाली की अपॉइंटीची गरज संपते, पैसे थेट तिला मिळू शकतात. 21 झाल्यावर अट संपते, तेव्हा तीच पॉलिसी पुढे चालवायची की सोडायची ते तुमचं तुम्ही ठरवा.