मेटाव्हर्स, आभासी विश्व आणि ‘वाव’

येवल्याच्या एका पैठणी व्यावसायिक ताईंनी विचारलंय: ‘विणकरांच्या मेळाव्यात मला बोलायचं आहे. विषय मिळालाय “मेटाव्हर्स समजून घेणे आणि ब्रँडसाठी त्याची क्षमता”. मेटाव्हर्सला “आभासी विश्व” म्हटलं तर चालेल का? आणि हे शीर्षक मला खटकतंय, पण नेमकं काय खटकतंय ते कळत नाही.’

ताई, खटकतोय तो ‘क्षमता’ हा शब्द. क्षमता अंगात असते: विद्यार्थ्याची, यंत्राची, धरणाची. तुम्हाला सांगायचंय ते वेगळं आहे: तिथे आपल्याला काही करायला जागा आहे का? त्यासाठी मराठीत ‘वाव’ हा फार नेटका शब्द आहे. सुधारणेला वाव असतो, शंकेला वाव नसतो, कलागुणांना वाव मिळतो. इंग्रजीतल्या एकाच ‘पोटेन्शियल’साठी आपण जागा पाहून शब्द बदलतो. ग्राहक असेल तर ‘संभाव्य’, खेळाडूत असेल तर ‘गुण’, विजेचं असेल तर ‘विभव’, आणि धंद्याला असेल तर ‘वाव’.

आता मेटाव्हर्स, म्हणजे संगणकावर उभं केलेलं जग. हा शब्द नील स्टीफन्सन यांच्या १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीतला. फेसबुक कंपनीने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘मेटा’ हे नाव घेतलं, त्यामुळे पुष्कळांना तो तिचाच शब्द वाटतो. ‘मेटा’ म्हणजे ग्रीकमध्ये पलीकडचं, आणि ‘व्हर्स’ हा ‘युनिव्हर्स’चा तोडलेला तुकडा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वळणे’ या अर्थाचा धातू आहे. आपल्या आवर्तन, परिवर्तन, वर्तुळ या शब्दांतला ‘वृत्’ त्याचाच भाऊबंद. लिहिताना ‘मेटावर्स’ नको, ते हिंदी वळण झालं. आपण सर्व्हर, युनिव्हर्सिटी लिहितो, तसंच मेटाव्हर्स.

‘आभासी’ हा शब्द वाईट नाही. शाळेत आपण शिकलो की आरशातली प्रतिमा आभासी असते, ती पडद्यावर धरता येत नाही. तरी रोज तिच्यात पाहूनच आपण टिकली नीट लावतो. म्हणजे शास्त्रात आभासी म्हणजे खोटं नव्हे. बोलण्यात मात्र ‘तुला आभास झाला’ म्हणजे तिथे काही नव्हतंच. शिवाय डोळ्यांना हेडसेट लावून एकट्याने रिकामा फ्लॅट पाहिला तर तेही आभासीच, पण ते मेटाव्हर्स नव्हे. मेटाव्हर्समध्ये एकाच वेळी अनेक माणसं असतात, भेटतात, देवघेव करतात, आणि आपण बाहेर पडलो तरी ते जग चालू राहतं.

मला यासाठी ‘प्रतिसृष्टी’ आवडतो. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी वेगळे सप्तर्षी आणि नक्षत्रं रचली, ती प्रतिसृष्टी. यातल्या ‘प्रति’चा अर्थ नकली असा नाही, समांतर असा आहे. साताऱ्याचं प्रतिसरकार आठवा. ते समांतर होतं, पण त्याने केलेले न्यायनिवाडे गावकऱ्यांसाठी खरेच होते. मे २०२१ मध्ये रोब्लॉक्स या खेळाच्या जगात गुच्ची या महागड्या फॅशन कंपनीची एक बॅग, म्हणजे नुसतं चित्ररूप, ४,००० डॉलरहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली. खऱ्या बॅगेपेक्षाही ही किंमत जास्त होती. ती बॅग रोब्लॉक्सबाहेर नेता येत नव्हती, पण मोजलेले पैसे आभासी म्हणायचे का? म्हणून भाषणात मेटाव्हर्स हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा उच्चारताना ‘म्हणजे संगणकावरची प्रतिसृष्टी’ एवढं जोडा.

वावाला काळही असतो, हे जरूर सांगा. नाइकीने डिसेंबर २०२१ मध्ये आभासी बूट बनवणारी आरटीएफकेटी ही कंपनी विकत घेतली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचं काम आटोपतं घेत असल्याचं जाहीर झालं. डिस्नेनेही आपला मेटाव्हर्स विभाग २०२३ मध्ये बंद केला. तेव्हा शीर्षकात ‘वाव आहे’ असं ठाम विधान नको, प्रश्न बरा.

‘ब्रँड’ला अर्थविषयक पानांवर ‘नाममुद्रा’ म्हणतात. शब्द घडीव आहे, पण विणकरांपुढे मी सरळ ‘नाव’ म्हणेन. ‘त्या पेढीचं नाव आहे’ यात ब्रँडचा सगळा अर्थ आला. मग शीर्षक असं होईल: ‘मेटाव्हर्स म्हणजे काय, आणि तिथे आपल्या नावाला वाव किती?’

एक विनंती. भाषणात कुठेही ‘आभासी पैठणी’ म्हणू नका. यंत्रमागाच्या नकलेशी रोज झुंजणाऱ्या माणसांच्या कानाला ते ‘नकली पैठणी’ असंच लागेल. तुमच्याकडे जाणकार गिऱ्हाईक पदर उलटून पाहतं. हातमागाचा असेल तर मोर दोन्ही बाजूंनी सारखाच स्वच्छ दिसतो, नकलेत मागे धागे लोंबतात. मेटाव्हर्समधल्या साडीला उलटून पाहायला मागची बाजूच नाही. तिला ‘पडद्यावरची पैठणी’ म्हणा.