बाळाच्या हृदयाची औषधं : नाशिककर पालकांचे प्रश्न

प्रश्न : नात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) व्हेंटिलेटरवर आहे. शिरेतून हळूहळू औषध सोडणारे चार सिरिंज पंप चालू आहेत. एवढ्याशा जिवाला झेपतील का? (आजी, सिडको)

आजी, चारही पंपांत हृदयाचीच औषधं असतील असं नाही. एखाद्यात गुंगीचं औषध असतं. अ‍ॅड्रेनालिनने हृदयाचे ठोके जोरकस होतात. मिलरिनोन हृदयाला बळ देतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला दर मिनिटाला इतके मायक्रोग्रॅम. अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. मिलरिनोन मात्र लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी घटली की ते साचतं आणि रक्तदाब घसरू शकतो. म्हणून पंप मोजत बसू नका. डॉक्टरांना विचारा : लघवी किती झाली? तळपाय गरम आहेत का? लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय का?

प्रश्न : एक्मो मशीन (रक्त बाहेर घेऊन, प्राणवायू मिसळून परत शरीरात सोडणारं) हृदयाचं काम करतंय, मग हृदयाची औषधं कशाला? आणि गुंगीचं का वाढवलं? (वडील, सिन्नर)

हृदयाला आधार देणाऱ्या एक्मोवर ही औषधं बहुधा कमी करतात. पण हृदय अगदीच थंडावलं तर आतलं रक्त साकळून गुठळी होते, म्हणून थोडी चालू ठेवावी लागतात. गुंगीचं कारण वेगळं. तीन किलोच्या बाळात रक्त जेमतेम २५० मिली. मशीनच्या नळ्यांतही जवळपास तेवढंच मावतं. औषध पातळ होतं. शिवाय फेंटानिलसारखी औषधं नळ्यांना चिकटतात.

प्रश्न : बाळ जन्मतः निळं आहे, प्रोस्टाग्लँडिन चालू आहे. मुंबईला न्यायला सांगितलंय. वाटेत धोका? (मामा, सुरगाणा)

आहे, आणि तो आधीच ओळखून निघायला हवं. जन्माआधी उघडी असलेली डक्टस ही रक्तवाहिनी या औषधाने उघडी राहते. काही हृदयदोषांत बाळाचा जीव तिच्यावरच असतो. औषध मिनिटभरही तुटता कामा नये, कारण ते शरीरात टिकत नाही. त्याच औषधाने बाळाचा श्वासही थांबू शकतो, दोन किलोंच्या आतल्या बाळांत जास्त. कसारा घाटात गाडी थांबवून नळी घालायची वेळ येऊ नये. शिरेत दुसरी लाइन (औषध द्यायची नळी), पंपाची बॅटरी आणि श्वासनलिकेत नळी घालू शकणारा डॉक्टर सोबत असल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका. उशीर होईल म्हणून हे टाळणं मला मान्य नाही.

प्रश्न : घरी डिगॉक्सिनचा (हृदयाला बळ देणाऱ्या औषधाचा) डोस बाळाने उलटून टाकला. पुन्हा देऊ? (आई, पंचवटी)

नको. उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडं आहे. चमच्याने नाही, सिरिंजनेच मोजा. वारंवार उलट्या, मंद ठोके दिसले तर त्याच दिवशी दाखवा.