नीट नको, मेंदूच्या पेशी घडवायच्यात

पुण्याच्या सिंहगड रोडवरून एका वडिलांनी लिहिलंय : मुलगी बारावीला, पीसीबी. अकरावीतच गणित सोडलं. आता म्हणते डॉक्टरकीची नीट परीक्षा देणार नाही, स्टेम सेलपासून (वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) मेंदूच्या पेशी बनवणाऱ्या शास्त्रज्ञांसारखं काम करायचंय. ‘हे खरंच होतं का? आणि यात पोट भरतं का?’

होतं. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकं घालून मूळ अवस्थेत नेल्या. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. अशा पेशींना ठरावीक क्रमाने ठरावीक रसायनं दिली की त्यांच्या चेतापेशी, म्हणजे मेंदूतल्या पेशी, होतात. पार्किन्सन या कंपवाताच्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी सोडण्याची चाचणी जपानमधल्या क्योटोत २०१८ मध्ये सुरू झाली. सरसकट उपचार मात्र अजून दूर आहे. (‘स्टेम सेलने मेंदू बरा करू’ म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका.)

मुलीला रोजचं काम कसं असतं ते कळू द्या. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून डिश काढायची, हात नि बाटल्या स्पिरिटने पुसायच्या, हुडखाली (जंतुविरहित हवेच्या कपाटात) मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, बदलायचा. गुलाबी मीडिया पिवळा पडला की समजायचं, पेशींची गर्दी झाली किंवा जंतू शिरले. या पेशी रविवार, दिवाळी मानत नाहीत. कित्येक आठवडे सांभाळलेली डिश एका बुरशीपायी फेकावी लागते. त्यावर चिडून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करणारी मुलगी इथे टिकते. नुसती हुशारी पुरत नाही.

आता गणित. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठीच्या प्रवेश परीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात. ते सोडून बाकी तिन्ही विषयांवर भागवणं अवघड आहे, म्हणून तिने आजच गणिताचं पुस्तक उघडावं. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकमध्ये बीएस्सी करून पुढे एमएस्सी हाही रस्ता खुला आहे. पुढची पीएचडी करायला पुणे विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) गावातच आहे.

पैशांचं स्पष्ट सांगतो. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० आणि घरभाडं. तिच्या डॉक्टर मैत्रिणी कमावत्या झाल्या तरी ही पोस्टडॉकचे (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन कामाचे) अर्ज भरत असेल. नोकरी वयाच्या तिशीच्या आसपास. हे तुम्हाला चालणार असेल तरच हो म्हणा, अर्ध्यावर ‘आता पुरे’ म्हणू नका.

नीटचं म्हणाल, तर सक्ती नको. पण जीवशास्त्राची तयारी दोन्हीकडे लागतेच, तेव्हा फॉर्म भरला असेल तर पेपर देऊन येऊ द्या.