व्हायार्तात घर शोधताय? आधी एक महिना राहून बघा

मेक्सिकोतल्या पुएर्तो व्हायार्ताला राहायला येताय, छान वाटलं. पण तुमच्या गावाहून निघण्याआधीच घराचा वर्षभराचा करार करू नका. नवे लोक सर्वात जास्त यातच फसतात. पहिला महिना कुठेही भाड्याने राहा आणि रोज एकेक वस्ती पायी फिरा.

झोना रोमांतिका ही वस्ती सगळ्यांना पहिल्या दिवशीच आवडते. लोस मुएर्तोस किनारा दोन पावलांवर, खाण्यापिण्याची चंगळ. पण रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात आणि भाडंही जास्त. तिथलं घर बघायचं तर शनिवारी रात्री अकराला गल्लीत जाऊन उभे राहा. मी हे केलं नव्हतं आणि सहा महिने धड झोप लागली नाही.

टेकडीवरच्या घरांतून बांदेरास उपसागर फार सुंदर दिसतो, पण पाण्याचे जड कॅन घेऊन त्या पायऱ्या एकदा चढून बघाच. गुडघे दुखत असतील तर सपाट भागातल्या वर्सायेस किंवा फ्लुव्हियाल या वस्त्या बघा; वर्सायेसमध्ये खाणंही उत्तम मिळतं. स्थानिक कुटुंबांत राहून स्पॅनिश शिकायची असेल तर पितियाल ही वस्ती बघा, समुद्र मात्र लांब.

घर बघताना एवढं विचारा:
- पाण्याची टाकी केवढी आहे?
- विजेचं बिल कोण भरतं? एसीमुळे ते फार चढतं.
- पावसात भिंतींना ओल येते का?

जून ते ऑक्टोबर पाऊस आणि दमट उकाडा असतो. जमलं तर तेव्हाच या, म्हणजे सगळ्यात कठीण दिवस कसे असतात ते कळेल. भाडंही कमी मिळतं. घर विकत घ्यायचं वर्षभर मनातही आणू नका.